कोनाड्यातला कप

१८ जुलै १९४६, दहिवली

सरकारने काल दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. इकडून तिकडे काही जायचे नाही, तिकडून इकडे काही यायचे नाही. दिल्लीच्या सरकारला इतके ताठ उभे राहिलेले मी अठ्ठावन्न वर्षांत पाहिले नव्हते, म्हणून बातमी दोनदा वाचली.

दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात हिंदी माणसाने कुठे राहावे, कुठे दुकान घालावे, कुठली जमीन घेऊ नये, याचा कायदा तिथल्या गोऱ्यांनी गेल्या महिन्यात केला. गावाच्या नकाशावर एक रेघ, आणि हिंदी लोक रेघेच्या पलीकडे. त्याला हे उत्तर आहे.

संध्याकाळी आबाजी आला. धाकटा भाऊ, शेजारीच राहतो. त्याचा मोरू डर्बनला एका गोऱ्या कंपनीत कारकून आहे.

"ताई, त्यांना काय फरक पडतोय? गोणपाट दुसरीकडून घेतील. मरतील आपलेच व्यापारी."

"मरू देत."

"तुझं काय जातं? तुझं पेन्शन येतंय."

"तुझा मुलगा तिथे आहे, आबाजी."

"म्हणूनच बोलतोय ना."

त्याला भीती वाटते, मला राग येतो. रागाचा एक फायदा आहे, त्यात कामे होतात.

२३ जुलै

मोरूचे पत्र आले. जूनच्या मध्यावर टाकलेले. डर्बनच्या एका मोकळ्या सरकारी जागेवर सत्याग्रहींनी तंबू ठोकले आहेत, हा रोज कचेरी सुटल्यावर तिथे जातो. 'बाबांना सांगू नका, पण एक दिवस मीही आत बसणार आहे.'

पुढे लिहितो: 'आत्या, कचेरीत सगळ्यांना दोनदा चहा मिळतो. साहेब लोकांना चिनी मातीच्या कपात. आमच्यासाठी मागच्या दाराबाहेर खिळ्याला टिनचा मग टांगलेला आहे. पिऊन झाला की आपणच धुवायचा आणि परत खिळ्याला लावायचा. कोणी बोलत नाही, कोणी ओरडत नाही. तो मग नुसता तिथे असतो. पाच वर्षे मी त्यातून प्यायलो. आता तो दिसला की घशाखाली काही उतरत नाही.'

हा परिच्छेद मी उतरवून घेतला. आबाजीला तेवढाच वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला, "लहानपणी चांदीच्या पेल्याशिवाय दूध घेत नसे."

१८ ऑगस्ट, रविवार

कर्जतच्या शाळेत सभा झाली. माणसे बरी जमली. कायदा, रेघ, व्यापारबंदी हे सगळे सांगितले, पण लोक हलले ते टिनच्या मगाने. शेवटी मी म्हणाले की जो देश आपल्या माणसाला खिळ्यावरचा मग देतो त्याचा एक धागाही आपण घ्यायचा नाही, मग आपल्याला अनवाणी चालावे लागले तरी चालेल. टाळ्या पुष्कळ पडल्या. टाळ्यांवर माझा विश्वास नाही, पण वाईट वाटले असे म्हणणार नाही. मुंबईच्या एका दैनिकाचा बातमीदार आला होता, त्याने मगाचा भाग जसाच्या तसा उतरवून घेतला.

परत येताना एक गोष्ट कळली. आपल्या कारखान्यांत कातडी कमावायला वॉटल नावाच्या झाडाची साल लागते, ती नाताळातून येत असे. आता ती बंद. कातडी कमावायला हिरडाही चालतो. आणि हिरडा आमच्या घाटात ठाकुरवाडीच्या वर पडलेला असतो.

तत्त्व आणि फायदा एकाच रस्त्याने येताना पाहून मला जरा लाज वाटली. पण रस्ता चुकीचा नाही.

२ सप्टेंबर

जंगलखात्याच्या लिलावात यंदाचा हिरड्याचा मक्ता मी घेतला. माझ्या नावावर.

दरवर्षी तो पदूशेट घेतो. ठाकूर जमातीच्या बायका रानात हिरडा वेचतात, वाळवतात, पण कायद्याने तो मक्तेदारालाच घालावा लागतो. पदूशेट त्याच्या काट्यावर मोजतो आणि त्याला वाटेल ते हातावर ठेवतो. झाड त्यांच्या दारात, वेचणारे हात त्यांचे, माल पदूशेटचा. मी म्हटले, हे नाताळातल्या कायद्याहून वेगळे ते काय?

पदूशेट हसून म्हणाला, "बाई, ही शाळा नव्हे. हिरडा काय पाढे म्हणून वाळत नाय."

"तुमचा काटा मात्र पाढे चुकतो म्हणे."

आजूबाजूचे हसले. तो नाही हसला. "माघापर्यंत गिऱ्हाईक नाय मिळालं तर मलाच द्याल. मी घेईन. माझ्या भावानं."

वाडीची येसूबाई बरोबर होती. चाळिशीची, काटक, बोलायला कोणाला भीत नाही. तिने मला बाजूला घेऊन विचारले, "बाय, आन खरंच गिऱ्हाईक नाय आलं तर?"

"येईल."

"तुमाला काय, तुमी घरात जाल. आमाला परत त्याच्याच दारात हुभं ऱ्हावं लागंल. मंग त्यो यंदाचा राग धा वरसं काढंल."

ती बोलली ते खरे आहे. हा मक्ता फसला तर माझी फजिती होईल, वाडीचे मात्र कंबरडे मोडेल. तरी मी घेतला.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी संपली आणि गिऱ्हाईक आपल्या पायाने चालत आले.

श्री. वाल्मिक खरटमल. धारावीत कातडी कमावण्याचा कारखाना आहे. मूळचे सोलापूरकडचे, ढोर समाजाचे. पन्नाशीचे, स्वच्छ धोतर, काळा कोट, वहाण स्वतःच्या कारखान्यातली. त्यांनी वर्तमानपत्रात माझे भाषण वाचले आणि तेवढ्यासाठी कर्जतला उतरले. कोटाच्या खिशातून कात्रण काढून दाखवले. घडीवर फाटायला आले होते.

"बाई, हे मी कारखान्यात माणसांना वाचून दाखवलं. दोनदा."

मी त्यांना ओटीवर बसवले. मुद्दाम लिहून ठेवते, अंगणात नाही, ओटीवर, सतरंजी घालून. आबाजीने पलीकडून पाहिले आणि घरात निघून गेला. त्याला काय वाटायचे ते वाटो. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरे झाले तेव्हा याच आळीने मला कोपरा दाखवला होता. त्या कोपऱ्यातून उठून मी बी. ए. झाले, वीस वर्षे शाळा चालवली. रूढीचे मला कोणी काही शिकवू नये.

हिरडा त्यांना हवाच आहे. नाताळची साल बंद झाल्यावर काही व्यापारी तीच साल आफ्रिकेतल्या पोर्तुगीज बंदराच्या नावाने आणू पाहत आहेत, त्यांच्याकडेही दलाल येऊन गेला. "मी त्याला दारातूनच घालवला," म्हणाले. वाडीचा सगळा माल घ्यायचे तोंडी ठरले. काटा त्यांचा, पण तपासून घ्यायची मुभा आमची. येसूबाई आणि तीन बायका अंगणात उभ्या राहून ऐकत होत्या. असा व्यवहार मी आयुष्यात पाहिला नाही.

घरकामाच्या चंद्राबाईने चहा केला. त्यांना तिने ओटीच्या कोनाड्यातला कप विसळून दिला, मला माझा. बोलण्याच्या भरात त्यांचे चहाकडे लक्षच गेले नाही. मग एकाएकी गाडीची वेळ झाली म्हणून उठले. गाडीला तास होता. जाताना नमस्कार केला, पण येताना केला होता तसा नव्हे. दगदगीने थकले असावेत.

कप तसाच भरलेला सतरंजीवर राहिला. रीतीप्रमाणे विसळून कोनाड्यात पालथा घालतात, तेही राहिले. चंद्राबाई कुरकुरली. मुंग्या लागल्या होत्या.

१९ नोव्हेंबर

माझ्या अंगणातल्या खळ्यावर पहिला हिरडा पसरला. रोज उलथायचा, दव पडायच्या आत झाकायचा, एकदा भिजला की काळा पडतो आणि कोणी हात लावत नाही. बायका भल्या पहाटे घाटातल्या वाडीवरून पाट्या घेऊन निघतात. दुपारी अंगणातल्या रामफळाखाली भाकरी खातात. चंद्राबाई त्यांच्या ओंजळीत वरून पाणी घालते. येसूबाईने खांद्याएवढ्या काठीने वाळवणाची लांबी-रुंदी मोजली आणि म्हणाली, "येवढा तर आमी कधी येका जागी बघितलाच नाय. पदूशेट आनला की लगीच नेई."

खरटमलांना पत्र टाकले. उत्तर नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

आज सकाळी वर्तमानपत्र उघडले आणि खुर्चीतून उठून उभी राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या सभेने दोन-तृतीयांश मतांनी हिंदुस्थानच्या बाजूने ठराव केला. पारतंत्र्यातला देश साऱ्या जगापुढे उभा राहतो आणि एका गोऱ्या राज्याला जाब विचारतो. चंद्राबाईला पेढे आणायला पाठवले. आबाजीने दोन खाल्ले. मोरू तिकडे महिनाभर तुरुंगात बसून आला हे त्याला आता कळले आहे. रडला, आणि मग आळीत सगळ्यांना सांगत सुटला.

दुपारच्या टपालाने खरटमलांचे पत्र आले. दोन ओळी. 'आपल्याकडील हिरडा घेणे आम्हांस जमणार नाही. क्षमस्व.' सोबत माझ्या भाषणाचे तेच जुने कात्रण. टिनच्या मगाची ओळ तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केलेली.

कात्रण का जोडले ते कळत नाही. कदाचित आदर अजून आहे हे दाखवायला. असला आदर काय चाटायचा आहे?

१६ डिसेंबर

पदूशेट आला. अंगणात उभा राहून वाळवणाकडे पाहत म्हणाला, "गोण्या भरून ठेवल्या का बाई? मला न्यायला बऱ्या."

मी हिरडा उलथत राहिले. मग तो आपण होऊन बोलला. "धारावीवाले तुमचा माल कशाला घेतील? पोर्तुगीजांच्या बंदरातून नाताळचीच साल येतेय, सवंग. नाव बदललं की झालं. कायदा दिल्लीत, माल धक्क्यावर."

तर हे असे आहे. ज्या माणसाने कात्रण खिशात बाळगले त्यानेच पाठीमागून नाताळच्या गोण्या उतरवून घेतल्या. गोऱ्यांच्या कायद्यापेक्षा मला ह्याची जास्त चीड आली. कात्रण आता समजले. मला हिणवले आहे.

येसूबाई सगळे ऐकत होती. पदूशेट गेल्यावर तिने विचारले, "मंग आमचं काय, बाय?"

"मी धारावीला जाते. त्याच्या वखारीत उभी राहून विचारते."

"मी पन येते. माझा माल हाय."

२३ डिसेंबर

आज जे झाले ते झाले तसे लिहिते.

धारावीत कारखाना शोधायला वेळ लागला नाही, वासच घेऊन गेला. मी नमस्कारही केला नाही. म्हटले, "मला तुमची वखार बघायची आहे."

खरटमल पुढे झाले आणि कडी काढली. आत गोण्याच गोण्या. मी एकेकीवर हात मारत गेले, येसूबाईने तर दोन उसवून आत हात घातला.

"बाय, हिरडा हाय."

सगळा हिरडा. जुन्नरकडचा. लांबून आणलेला, आमच्याहून महाग पडलेला असणार, आणि दाणाही बारीक. नाताळच्या सालीचा तुकडा नव्हता.

"साल शोधत होता?" खरटमल म्हणाले. "दलालाला घालवला म्हणून सांगितलं होतं तुम्हाला. मी जे सांगतो ते करतो."

"मग आमचा माल का नाही?"

त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या, दोन, येसूबाईलाही. आतून त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या. नवे कप, निळ्या काठाचे, बशांसकट. एक माझ्यापुढे, एक येसूबाईपुढे.

येसूबाईने हात मागे घेतला. "मी नाय घेत, दादा. आमच्यात तुमच्या हातचं चालत नाय."

खरटमलांनी मान हलवली, रागावले नाहीत. मग माझ्याकडे पाहिले.

मी म्हटले, "वासाने मळमळतंय. नको मला."

त्यांनी दोन्ही भरलेल्या कपांकडे पाहिले. मग म्हणाले, "बाई, दिल्ली सरकारनं नाताळशी व्यापार तोडला, तेव्हा तुम्ही टाळ्या घेतल्या. मी तोडला तर गाडीभाडं खर्चून भांडायला आलात. माझ्याकडं पलटण नाही, दिल्ली नाही. एक धंदा आहे, तेवढाच बंद करता येतो मला." आणि दारापर्यंत पोचवायला आले.

स्टेशनापर्यंत आम्ही चालत आलो. पुलाच्या पायऱ्यांवर येसूबाई थांबली.

"बाय, मी खरं सांगितलं. तुमी वासाचं सांगितलं."

२४ डिसेंबर

कात्रण पुन्हा काढले. 'मागच्या दाराबाहेर खिळ्याला.' 'आपणच धुवायचा.' 'कोणी बोलत नाही.'

ओटीवर जाऊन कोनाड्यासमोर उभी राहिले. कप पालथा होता. कान मोडलेला, कड उडालेली. या घरात मी परत आले त्याला बारा वर्षे झाली. कप तेव्हापासून तिथे आहे की त्याआधीपासून, मला सांगता येत नाही. मी तो कधी पाहिलाच नव्हता.

आज आणखी लिहिणार नाही.

२७ डिसेंबर

चंद्राबाईला विचारले, "त्या दिवशी खरटमलांना तो कप का दिलास?"

"मंग कोनता देऊ?" ती खरोखरच गोंधळली. "पोस्टमन, न्हावी, ती रजिस्टर आनायला आलेली मास्तरीन, समद्यांना त्योच देते की. तुमी कंदी नको म्हनलात?"

नाही म्हटले. तिच्यावर ढकलायला जागा नाही.

खरटमलांना पत्र लिहिले. चार वेळा फाडले. माफीच्या भाषेची मला सवय नाही, शाळेतल्या पोरींकडून लिहून घेतलेली आहे, स्वतः लिहिलेली नाही. शेवटी एवढेच पाठवले: 'कप माझ्या घरचा, चूक माझी. वासाचे कारणही खोटे होते. माझ्याशी व्यवहार करू नका. वाडीशी करा. हिरडा त्यांचा आहे आणि माघ लागला की तो पदूशेटच्या काट्यावर जाईल.'

७ जानेवारी १९४७

उत्तर आले. अटी आहेत.

माल घेईन, मक्ता कागदोपत्री तुमचा राहो, पण करार वाडीच्या बायकांशी, तुमचे नाव फक्त साक्षीदार म्हणून. करार तुमच्याच ओटीवर. सगळे ओटीवर बसतील. चहा सगळ्यांना सारखा.

पहिल्यांदा अंगाचा भडका उडाला. मला अटी घालणारा हा कोण? मग आठवले की नाताळचे गोरेही दिल्लीची नोटीस वाचून हेच म्हणाले असतील. एकोणीस तारीख कळवून टाकली.

आबाजीला सांगितले. तो म्हणाला, "आळी तुला वाळीत टाकेल."

"विधवा बाईला हळदीकुंकवाला कोण बोलावत होतं म्हणून वाळीत टाकतील?"

"माझ्या घराचं काय? मला मुली उजवायच्यात."

"मोरूने तुरुंगात जाताना तुझ्या मुलींचा विचार केला होता का?"

"तिकडची गोष्ट वेगळी आहे, ताई."

"काय वेगळं आहे ते सांग. मी ऐकते."

तो रागाने गेला. मला त्याचे वाईट वाटले, पण थोडेच. गेल्या महिन्यापर्यंत मीही हेच म्हटले असते, फक्त बऱ्या मराठीत.

१४ जानेवारी, संक्रांत

घरी कोणी आले नाही. तिळगूळ मी स्वतःच खाल्ला.

खरी अडचण आळीची नाही, वाडीची आहे. येसूबाई म्हणते, "करार करू, माल देऊ. पन त्याच्याशेजारी बसून चा? बाय, वाडीत मला म्हातारी मानसं इचारतील."

"पदूशेट तुला पायरीवर तरी येऊ देतो का?"

"नाय."

"राग येतो?"

"लय येतो." ती खळ्यावरचा हिरडा पायाने सारत म्हणाली, "मंग त्यालाबी येत आसंल, आसं म्हनायचं हाय तुमाला."

"मला काही म्हणायचं नाही. मी स्वतःच आत्ता शिकते आहे."

"तुमी लय बोलता, बाय. मी बघते काय त्ये. वजन बघून ठरवीन."

१९ जानेवारी, रविवार

सकाळी चंद्राबाईने सांगितले, "चा मी करीन. कप मी नाय उचलनार." मी म्हटले, "उचलू नकोस. मी आहे." ती चूल पेटवून मागच्या दाराने निघून गेली. दूध तसेच ठेवून गेली, ओतू गेले.

घरात चांगले कप सहा. माणसे आठ. कोनाड्यातला धरून सात झाले, आठवी वाटी. सगळे एका तबकात ठेवले. कानमोडका मी माझ्यापुढे घेतला.

खरटमल दहाच्या गाडीने आले, काटा आणि वजने घेऊन. येसूबाई आणि तिच्या पाच बायका अंगणात होत्या. ती वर आली नाही. पदरातून एक काळा गुळगुळीत दगड काढला. वाडीचा दगड, तिच्या सासूच्या वेळेपासूनचा, बरोबर पाच शेर. पदूशेटच्या काट्यावर तो दरवर्षी साडेतीन भरतो आणि पदूशेट दरवर्षी म्हणतो की दगड झिजला.

तिने तो खरटमलांच्या पारड्यात ठेवला. समोर त्यांनी पाचशेरी ठेवली. काटा हलला, हलला, आणि मधोमध उभा राहिला. बायकांपैकी कोणीतरी हसले. येसूबाईने दगड आणि पाचशेरी पारड्यांत अदलाबदल करून पुन्हा पाहिले. पुन्हा मधोमध.

"दगड झिजला नाय तर," ती म्हणाली.

"दगड कधी झिजतो का, बाई?" खरटमल म्हणाले.

मग ती पायऱ्या चढली. ओटीवर बसली, त्यांच्यापासून हातभर सरून, पण बसली. बाकीच्या तिच्यामागून आल्या. मी चहा ओतला. खरटमलांनी कप घेतला, तबकात एकदा पाहिले, मग माझ्या हातातल्या कपाकडे. कान नव्हता म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला होता, आणि चटके बसत होते.

"गरम आहे," ते म्हणाले.

"आहे."

त्यांनी चहा संपवला. शेवटपर्यंत. येसूबाईने डोळे मिटून, औषध घ्यावे तसा, एका दमात घेतला आणि म्हणाली, "गोड केलाव." एवढेच. तिची जाऊ मात्र कपाला शिवली नाही, तिला मी काही म्हटले नाही.

करारावर येसूबाईने अंगठा दिला. मी साक्षीदार म्हणून सही केली, सर्वांत खाली. अठ्ठावीस गोण्या बैलगाडीत चढल्या. पलीकडे आबाजीने दार लावून घेतले होते, खिडकी मात्र उघडी होती.

सगळे निघाले तेव्हा येसूबाई मागे राहिली. तिने आपला कप उचलला, अंगणात नेऊन राखेने घासला, विसळला, आणि सवयीने कोनाड्यात पालथा घातला. तिच्या ध्यानातही आले नाही. खरटमल पायरीवर वहाण घालत होते, त्यांनी पाहिले. माझ्याकडे पाहिले आणि चालू लागले.

मी कप काढून तबकात ठेवला. कोनाड्यात ओला गोल उमटलेला राहिला, आणि त्याखाली जुने गोल, एकात एक, किती ते मोजता येईनात.

मोरूला पत्र लिहायला बसले, जमले नाही. त्याच्या मगाची हकीगत मी भर सभेत वाचून दाखवली. कोनाड्याचे त्याला लिहायचे आहे, पण आधी करायचे ते करून मग.

गवंडी म्हणाला, उद्या येतो. उद्यापर्यंत थांबायचे मला कारण दिसले नाही. खळ्याच्या कडेची माती भिजवली, दोन विटा घेतल्या आणि कोनाडा स्वतःच बुजवला. लिंपण ओबडधोबड झाले आहे, ओटीवर येणाऱ्याच्या डोळ्यात आधी तेच भरेल. भरू दे. कोणी विचारले तर सांगेन.

हात दोनदा धुतले, तरी नखांत माती आहे. अक्षर म्हणून असे.